ॲडमिनची खुर्ची





विषयाचं नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. नंदुरबारच्या या व्यासपीठाला लोकशाही, शेती, शिक्षण, साहित्य असे भारदस्त विषय शोभतात. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण मला सांगा, या सभागृहात एकाही ग्रुपमध्ये नाही असा कोण आहे? भावकीचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, शिक्षकांचा, मिरचीच्या भावाचा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांचा, कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांचा. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसलेला आहे. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही, त्याची मुदत ठरलेली नाही, त्याला पगार नाही. आणि तरी तिथे कोणी बोलायचं, काय बोलायचं, कोणाला बाहेर काढायचं हे तोच ठरवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही खुर्ची राजकीय आहे. पक्षाच्या अर्थाने म्हणत नाही. बोलण्याची मुभा जो देतो आणि काढून घेतो, तो राज्य करत असतो. राज्य दोनशे माणसांचं असो की दोनशे कोटींचं. म्हणून सरपंचाला, आमदाराला, मंत्र्याला जे प्रश्न विचारायचे, ते या खुर्चीलाही विचारले पाहिजेत. मी चार मुद्दे घेणार आहे. चर्चेला राखण नसली तर काय होतं? ती राखण कोणाच्या हाती द्यावी? 'इथे राजकारण नको' या नियमाचं काय करायचं? आणि राखण करायची कशी?

पहिला मुद्दा. दूर जायला नको. साक्री तालुक्यातलं राईनपाडा तुमच्या शेजारचंच. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश तेव्हा फोनाफोनांतून फिरत होते. गर्दीने त्यांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. ग्रामपंचायतीच्या खोलीत! जिथे गावाने बसून बोलायचं, एकमेकांचं ऐकायचं, ठराव लिहायचे, त्या जागेत.

त्या महिन्यांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेची होती, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. तिच्या शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. खोटं असं काही त्यात घातलंच नव्हतं. फक्त शेवटचे काही सेकंद उडवले होते. बनावट ओळखायला आपण डोळ्यांत तेल घालून जोडलेलं शोधतो, कापलेलं शोधत नाही.

मग व्हॉट्सॲप कंपनी जागी झाली. जुलै २०१८ मध्ये संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा आली, ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. लक्षात घ्या, यातल्या एकाही उपायात संदेश खरा की खोटा हे कुणी तपासलेलं नाही. फक्त वेग कमी केला. आणि वेग कमी करणं हीसुद्धा राखणच आहे. अफवेला घाई असते, खऱ्याला नसते.

कुणी म्हणेल, फोन आले म्हणून हे झालं. हे मला पटत नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला छळलं गेलं, तेव्हा कुठे फोन होते? आणि शहरातल्यांनी याला आदिवासींचं अज्ञान म्हणू नये. गणपती दूध पितो म्हणून सप्टेंबर १९९५ मध्ये रांगा लागल्या त्या पुण्या-मुंबईतही. अफवा जुनीच आहे. पूर्वी ती पाड्यावर पोचायची तेव्हा सांगणाऱ्याला तोंड होतं, नाव होतं. 'तू पाह्यलं का?' असं त्याला विचारता येत होतं. विचारलं जायचंच असं नाही, पण विचारता येत होतं. आता सांगणारा कोण, हेच हरवलं आहे. तो संदेश शेकडो ग्रुपमधून गेला असेल, आणि प्रत्येक ग्रुपला एक ॲडमिन होता. 'थांबा, हे कुठून आलं?' एवढं किती जणांनी लिहिलं?

आता दुसरा मुद्दा. राखण हवी हे कबूल; पण कोणाची?

पहिलं नाव सुचतं ते पोलिसांचं. 'पकडा दोघा-चौघांना, बाकीचे गप्प बसतील.' हा प्रयोग करून झाला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या 'लाइक' केल्या, आणि दोघींना अटक झाली. लाइक करणारीलासुद्धा! माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ तेव्हा हाताशी होतं. कशाचा राग येईल ते सांगता येत नाही, म्हणून गुन्हा काय तेही सांगता येत नाही, असं ते कलम. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आणि या शहराला मी वेगळं काय सांगू? ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या रस्त्यावर घोषणा देणाऱ्या पोरांना गप्प करायला सरकारकडे एकच साधन होतं, ते बंदूक. शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती त्यात गेले. चिथावणी देणाऱ्यावर, हिंसा करणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई केलीच पाहिजे. पण रोजच्या बोलण्याची राखण पोलिसांकडे दिली, की पहिला गप्प होतो तो दुबळा.

दुसरं नाव ही माध्यमं चालवणाऱ्या कंपनीचं. तिच्याकडे पैसा आहे, यंत्रं आहेत. मग अडचण काय? अडचण भाषेची आहे. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून पसरत होता, तेव्हा २०१५ च्या सुरुवातीला तिथला मजकूर तपासणारी बर्मी जाणणारी माणसं कंपनीकडे अवघी दोन होती. लाखो वापरणारे आणि दोन तपासणारे! पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केलं, की आम्ही पुरेसं केलं नाही.

आता आपल्याकडे या. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजरी. बाजारात एक फेरी मारली तरी सहा बोली कानावर पडतात. 'येडा शे का भो तू?' हे खानदेशात मित्र मित्राला म्हणतो तेव्हा त्यात माया असते, आणि तेच शब्द मोर्चात समोरच्याला म्हटले तर हाणामारी होते. (हसू नका, झालेली असेल!) कोणतं यंत्र हा फरक सांगेल? उलट, पावरीत कुणी कुणाच्या जातीवर घाण लिहिली, तर यंत्राला पत्ताही लागणार नाही. परक्या भाषेचा राखणदार निरपराध्याला अडवतो आणि चोराला रामराम करून सोडतो.

राहिलो आपण. आपण हे करू शकतो का? मराठी माणसांनी ते केलेलं आहे. आणि व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधी. अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली 'मायबोली' सुरू केली. २००७ मध्ये 'मिसळपाव' आलं, २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे'. तिथे 'धागा' निघायचा, प्रतिसादांची माळ लागायची, 'अवांतर' म्हणून गाडी भलतीकडे जायची, एकच गृहस्थ दोन-तीन नावांनी येऊन स्वतःलाच शाबासकी द्यायचे; त्यांना 'डुआयडी' म्हणत. मिसळपाववर चर्चेच्या दालनाचं नावच 'काथ्याकूट'. अमेरिकेतला संगणक अभियंता आणि सांगलीतला प्राध्यापक तिथे आरक्षणापासून शुद्धलेखनापर्यंत कशावरही हातघाईवर येत. मग संपादकांनी धागा उडवला की निराळाच धागा निघे: 'माझा धागा का उडवला?' एका ठिकाणची शिस्त जाचक वाटली की काही मंडळी उठून दुसरीकडे चूल मांडत. ऐसी अक्षरेवर तर राखण वाचकांतच वाटून दिली. प्रतिसादाला 'मार्मिक', 'माहितीपूर्ण', 'निरर्थक' अशी श्रेणी वाचकच देणार. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर बोलण्याच्या जागेला 'चावडी' म्हणतात, आणि प्रचालक कोणाला करायचं यावर सदस्यांचा कौल घेतला जातो.

हे सगळं गोड गोड होतं असं माझं म्हणणं नाही. कंपूबाजी होती, ओळखीच्यांना सूट होती, स्त्रियांना आणि दलित-बहुजन लिहिणाऱ्यांना टोमणे सोसावे लागत. पण नियमावर भांडता येत होतं, तेही नियम करणाऱ्यासमोर, मराठीत. पोलीस आणि कंपनी या दोघांसमोर हे जमत नाही.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ग्रुपवर, विशेषतः तंत्रज्ञानाच्या, धंद्याच्या, व्यवसायाच्या ग्रुपवर पहिलीच सूचना असते: 'इथे राजकारण नको.' किती शहाणपणाची वाटते! निवडणुकीच्या दिवसांत तर ती अमृतासारखी लागते. पण राजकारण म्हणजे काय, हे कोण ठरवतं?

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातलं पहिलं आधार इथे दिलं गेलं. बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, बारा आकडे. आता समजा, संगणक शिकलेल्या मुलांच्या ग्रुपमध्ये एकाने विचारलं, 'ठसे जुळण्याचं तंत्र कसं चालतं?' हा प्रश्न तांत्रिक, चालेल. दुसरीने विचारलं, 'आयुष्यभर ऊसतोडणी करून बोटं झिजली, तर रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उठत नाही. मग धान्य कोण देणार?' हा प्रश्न तांत्रिक की राजकीय? तिसऱ्याने लिहिलं, 'सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने आधार वैध ठरवलं. त्या एका न्यायमूर्तींचं म्हणणं काय होतं?' आता ॲडमिनचं बोट काढून टाकण्याच्या बटणाकडे जाणार. 'राजकारण नको!'

यंत्र तेच आहे. ज्याचा अंगठा उठतो त्याच्यासाठी ते तंत्रज्ञान, ज्याचा उठत नाही त्याच्यासाठी ते राजकारण. म्हणजे 'राजकारण नको' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच होतो, की ज्याचं बरं चाललं आहे त्याला त्रास नको. मिरचीचा भाव सांगा, पण भाव का पडला ते विचारू नका. बदलीचा जीआर टाका, पण बदली कशी झाली ते बोलू नका. हा नियम तटस्थ दिसतो, पण वजन एकाच पारड्यात टाकतो.

जगातल्या सर्वांत मोठ्या तांत्रिक समूहांनाही हे चुकलं नाही. लिनक्स ही प्रणाली १९९१ पासून हजारो स्वयंसेवकांनी मिळून घडवली. तिचा जनक लिनस टोरवाल्ड्स कामात अव्वल, पण पत्रांतून सहकाऱ्यांना फाडून खाणारा. 'इथे फक्त कामाची गुणवत्ता पाहतात, भावना-बिवना नकोत,' असा तिथला बाणा. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाला, आणि समूहाने वर्तनाचे नियम लिहून स्वीकारले. लगेच ओरड झाली, की लिनक्समध्ये राजकारण शिरलं! अहो, इतकी वर्षं एका माणसाच्या शिव्या खाऊन किती जण मुकाट्याने निघून गेले, ते राजकारण नव्हतं का? अलिखित नियम चालू असतो तोवर कुणी त्याला राजकारण म्हणत नाही. नियम कागदावर आला की मात्र लोक दचकतात.

मग प्रचाराचा धुमाकूळ चालू द्यायचा का? मुळीच नाही. पक्षाची पत्रकं, नेत्यांचे वाढदिवस, जातीधर्मावरची गरळ हे खुशाल बंद करा. पण तसं लिहा: 'पक्षप्रचार नको, व्यक्तीवर चिखलफेक नको, कुणाच्या जातीधर्मावर घसरायचं नाही.' काय नको ते नेमकं सांगा. 'राजकारण' या पोत्यात सगळं कोंबू नका. त्यात आपल्याच माणसांची दुखणी कोंबली जातात.

चौथा आणि शेवटचा मुद्दा: राखण कशी करावी.

आधी कायद्याचं सांगतो, कारण ॲडमिन मंडळींच्या मनात धाकधूक असते. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल दिला, की सदस्याने आक्षेपार्ह मजकूर टाकला तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. त्यात त्याचा समान हेतू दिसला पाहिजे. ॲडमिनच्या हाती माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, हा त्यामागचा विचार. बरोबरच आहे. पण २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला आणखी एक अधिकार दिला: दुसऱ्याचा संदेश सगळ्यांच्या फोनवरून पुसण्याचा. त्याच वर्षी ग्रुपची मर्यादा २५६ वरून १०२४ वर गेली. कायद्याचा दोष लागो न लागो, अधिकार वाढला तशी नैतिक जबाबदारी वाढली. 'माझ्या हातात काय आहे?' हे म्हणायची सोय आता उरली नाही.

तर पहिली गोष्ट, नियम लिहा. पाचच लिहा, पण सगळ्यांना दिसतील असे. दुसरी, काढायचं असेल तर कारण द्या आणि काढण्याआधी ऐकून घ्या. वाळीत टाकण्याचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही. जातपंचायतींनी किती घरं उद्ध्वस्त केली, म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. ग्रुपमधून काढणं म्हणजे तो गुन्हा नव्हे. पण लहान गावात पाण्याच्या टँकरची वेळ, शाळेची सूचना, मयतीची बातमी ग्रुपवरच येते. तिथून काढलेल्या माणसाला गाव बंद होतं. आणि तेही रात्री अकरा वाजता, एका माणसाच्या रागावर! तिसरी गोष्ट, एक ॲडमिन ठेवू नका. तीन ठेवा, त्यांत एक बाई असू द्या, आणि वर्षाने बदला. चौथी, पुढे ढकललेला संदेश टाकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहावी: मला हे कुणाकडून आलं आणि मी काय तपासलं. ही एक ओळ सक्तीची करून पाहा. निम्मे संदेश आपोआप थांबतील, कारण आपल्याला ती ओळ लिहिताच येणार नाही.

पाचवी गोष्ट जरा सविस्तर सांगतो. राखण म्हणजे फक्त अडवणं, असं आपण धरून चालतो. तिचं अर्धं काम निराळंच आहे. १९७२ साली याच भागात, शहाद्याला, श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती आणि बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते आदिवासी शेतमजुरांबरोबर काम करत होते. सावकाराने, मोठ्या शेतकऱ्याने गिळलेल्या जमिनींचा प्रश्न होता, मजुरीचा होता. सभांना पुरुष बोलत. मग बायांची वेगळी शिबिरं झाली. तिथे बाया बोलल्या. आणि काय बोलल्या? जमिनीइतकंच दारूबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल. पुढे त्याच बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. बायांना कुणी आधीही 'बोलू नका' म्हटलं नव्हतं. त्यांना बोलता येईल अशी बैठक कुणी भरवली नव्हती, एवढंच. चांगला पंच बोलणाऱ्याला आवरतो. त्याहून चांगला पंच गप्प बसलेल्याला विचारतो, 'तुझं काय म्हणणं आहे?'

आता आपले ग्रुप आठवून पाहा. पाचशे माणसं, आणि बोलणारे किती? तेच सात-आठ. बाकीचे अंगठा दाखवतात किंवा तेही नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात रेंजसाठी टेकडीवर जाऊन उभं राहावं लागतं. तिथल्या माणसाचं म्हणणं ग्रुपवर येईपर्यंत इकडे चर्चा संपून ठराव झालेला असतो. त्याची वाट पाहणं हे कोणाचं काम? ज्याला लिहिता येत नाही पण आपल्या बोलीत आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, त्याचं ऐकून घेणं हे कोणाचं काम? त्या खुर्चीचंच.

हे काम फुकटचं आहे, कंटाळवाणं आहे, शिव्या खाण्याचं आहे. जगभर ते असंच फुकट चाललं आहे. जून २०२३ मध्ये रेडिट या अमेरिकन कंपनीच्या धोरणाविरुद्ध हजारो चर्चागटांच्या स्वयंसेवक राखणदारांनी आपापले गट काही दिवस बंद ठेवले, तेव्हा कुठे जगाला कळलं, की अब्जावधींचा हा डोलारा बिनपगारी माणसांच्या खांद्यावर उभा आहे. आपणही आपल्या ॲडमिनला कधी धन्यवाद देत नाही आणि कधी जाबही विचारत नाही. दोन्ही केलं पाहिजे. जाब विचारायचा तो आदर ठेवून, आणि आदर द्यायचा तो जाब विचारून.

लोकशाही मोठी करायला दिल्लीला जावं लागत नाही, असं मी म्हणणार होतो. पण ते फार पाठ झालेलं वाक्य आहे, म्हणून सोडून देतो. साधंच सांगतो. लहान सत्तेला प्रश्न विचारायची सवय नसलेला माणूस मोठ्या सत्तेला कधी विचारत नाही. ती सवय लावायला ग्रुपइतकी जवळची जागा दुसरी नाही.

मी खूप बोललो. आता तुम्ही बोला. अध्यक्ष महोदयांना एक विनंती आहे: प्रश्न घ्यायला पुढच्या खुर्च्यांपासून सुरुवात करू नये. मागे दाराशी उभ्या असलेल्या मुली बऱ्याच वेळापासून आपसांत काहीतरी बोलत आहेत. आधी त्यांना विचारावं.